हातचा सोडून बेरीज

पाच, तीन आणि सहा किती? शाळेत उत्तर येतं चौदा: चार मांडायचे, हातचा एक. मटक्याच्या अड्ड्यावर उत्तर येतं चार, आणि हातच्याला कोणी विचारत नाही. पत्त्यांची तीन पानं काढली, बेरीज केली, एककाचा आकडा ठेवला की ‘ओपन’ लागला. आणखी तीन पानांवर ‘क्लोज’. दोन्ही मिळून जोडी. पनवेलच्या जुन्या बाजारात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आयुष्यात एक पैसा न लावलेल्यालाही हा हिशेब तोंडपाठ असतो.

हाच माणूस पन्नाशीत कधीतरी मित्रांबरोबर पणजीला जातो, मांडवीतल्या जहाजावर चढतो आणि बाकाराच्या टेबलापाशी बिचकतो. हिरवं कापड, इंग्रजी शब्द, गंभीर चेहरे. हा बड्या लोकांचा खेळ, आपल्याला शिकायला वेळ लागेल, असं त्याला वाटतं. खरं तर यातला अर्धा खेळ तो लहानपणीच शिकलेला आहे. एक्का म्हणजे एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत पानावरचा आकडा. दश्शी, गुलाम, राणी, राजा शून्य. पानांची बेरीज करायची, दशक टाकून द्यायचं. नऊच्या जास्त जवळ जाईल ती बाजू जिंकली.

उरलेला अर्धा खेळ समजून घ्यायचा तर त्याची कुळकथा पाहावी लागते. कारण आज नवख्याला बाकारा इतका सोपा वाटतो, त्यामागे दीडशे वर्षांची काटछाट आहे. खेळणाऱ्याच्या हातात जे जे ठरवायला होतं, ते एकेक करून काढून घेतलं गेलं.

दशक टाकून बेरीज करण्याची रीत युरोपच्या पत्त्यांत बाकाराच्या आधीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या वॉटियर्स क्लबमध्ये शौकीन मंडळी ‘मकाव’ नावाचा खेळ खेळत, त्यातही नऊ हाच राजा. जपानच्या ओइचो-काबूत आणि चिनी पाय गाउच्या सोंगट्यांतही दशक फेकून देतात. मुंबईचा मटका मात्र वेगळ्याच वाटेने याच हिशेबावर आला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. १९६१मध्ये ते भाव येणं थांबलं, तेव्हा आकड्याची नवी खाण हवी होती. १९६२मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४मध्ये रतन खत्री यांनी ती पुरवली. आधी मडक्यातल्या चिठ्ठ्या, मग पत्ते. शून्य ते नऊ हे दहाच आकडे ठेवले की बेरीज कितीही होवो, निकाल त्या दहांतच बसतो. धंदा करणाऱ्याला याहून सोयीचं गणित सापडणं कठीण.

एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधला बाकारा हा माणसांनी माणसांशी खेळायचा खेळ होता. ‘शमँ द फेर’ या प्रकारात बँक टेबलाभोवती फिरायची. आज मी बँकर, हरलो की शेजारचा. पानांची पेटीसुद्धा हातोहात पुढे सरकायची. बँकेत किती पैसे ठेवायचे ते बँकर ठरवी, आणि तिसरं पान घ्यायचं की थांबायचं हे दोन्ही बाजूंना काही प्रमाणात स्वतः ठरवता येई. खरी अडचण पाचवर होती. दोन पानांची बेरीज पाच झाली, आता तिसरं घ्यावं का? आलं तर नऊ होतील, नाहीतर असलेले पाचही जातील. हा प्रश्न इतका चिवट होता, की फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बर्ट्रां यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संभाव्यतेवरच्या आपल्या ग्रंथात त्याचा विचार केला. पुरतं उत्तर १९५७मध्ये अमेरिकेत जॉन केमेनी आणि लॉरी स्नेल यांनी मांडलं. म्हणजे जुगाऱ्यांच्या टेबलावरचा एक ‘घेऊ की नको’ दोन पिढ्यांहून जास्त काळ गणितज्ञांच्या डोक्यात होता. मला या खेळाच्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

त्या काळात फसवणूकही माणसाच्या हातची असे. १८९०च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडात ट्रॅन्बी क्रॉफ्ट या घरी बाकारा रंगला होता. युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बँकर होते आणि चकत्याही त्यांच्याच. सर विल्यम गॉर्डन-कमिंग निकाल दिसल्यावर गुपचूप चकत्या वाढवतात किंवा काढून घेतात, असा आरोप झाला. पुन्हा पत्ते खेळणार नाही असं लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घेतली गेली. बभ्रा झाल्यावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८९१च्या जूनमध्ये ते हरले. इंग्लंडच्या भावी राजाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. आजच्या टेबलावर पान उघडण्याआधी डीलर हाताने खूण करून डाव लावणं बंद करतो आणि वर कॅमेरे असतात, त्याची गरज त्या घरातल्या दोन रात्रींनी नीट दाखवून दिली.

मग बँक फिरायची थांबली. १९२२पासून दोव्हिलमध्ये निकोलस झोग्राफोस आणि त्यांचं ग्रीक मंडळ कायमचं बँकर होऊन बसलं. समोरच्याने हवी तेवढी रक्कम लावावी, मर्यादा नाही. झोग्राफोस यांची पानं लक्षात ठेवण्याची ताकद विलक्षण होती. तरीही तोवर दोन्ही बाजूंना थोडी निवड शिल्लक होती.

ती निवड संपली अटलांटिकच्या पलीकडे. अर्जेंटिना आणि क्यूबातल्या कॅसिनोंत ‘पुंतो बांको’ हा प्रकार रुळला, आणि १९५९मध्ये टॉमी रेन्झोनी यांनी तो हवानाहून लास वेगासच्या सँड्स हॉटेलात आणला. इथे बँक नेहमी कॅसिनोची. ‘प्लेयर’ आणि ‘बँकर’ ही आता माणसं राहिली नाहीत, कापडावरचे दोन चौकोन झाले. तिसरं पान कधी घ्यायचं ते तक्ता ठरवतो. आज मांडवीवर, मकाव शहरात आणि जवळपास सगळीकडे बाकारा म्हणून जे खेळतात ते हेच.

एक डाव जवळून पाहू. आठ कॅट, म्हणजे ४१६ पानं, पिसून पेटीत भरलेली. प्लेयरला सत्ती आणि छक्की: तेरा, म्हणजे तीन. बँकरला राजा आणि तिर्री: तेही तीन. कोणाचे आठ-नऊ नाहीत, तेव्हा डाव पुढे जातो. प्लेयरची बेरीज पाच किंवा कमी असली की तिसरं पान येतंच. येते अठ्ठी. तीन आणि आठ अकरा, म्हणजे एक. आता बँकरचे तीन आहेत. नवख्याला वाटतं तोही पान घेणार. तक्ता सांगतो, प्लेयरला तिसरं पान अठ्ठी आलं असेल तर तीनवर बँकरने थांबायचं. बँकर तीनला एक जिंकला.

हा नियम आभाळातून पडलेला नाही. प्लेयरकडे आधी शून्य ते पाच होते. त्यात आठ मिळवले तर आता आठ, नऊ, शून्य, एक, दोन किंवा तीन असतील. यातल्या शून्य, एक, दोनला बँकरचे तीन पुरतात, तीनशी बरोबरी होते, फक्त आठ-नऊ भारी पडतात. मग आणखी पान कशाला ओढायचं? एखाद्या कसलेल्या फ्रेंच बँकरने मनातल्या मनात केला असता तो हिशेब तक्त्यात कायमचा कोरला गेला आहे. आपण टेबलावर बसतो तेव्हा जुन्या खेळाडूंची अक्कल आपल्या वतीने खेळते, आपली अक्कल बाहेर राहते.

बँकर प्लेयरचं पान पाहून थांबतो, म्हणून तो किंचित जास्त वेळा जिंकतो. शंभरात सुमारे ४५.९ वेळा बँकर, ४४.६ वेळा प्लेयर, ९.५ वेळा बरोबरी. ही आघाडी कॅसिनोला सोसत नाही, म्हणून बँकरच्या विजयावर पाच टक्के कमिशन. हिशेबाअंती लावलेल्या रकमेतला बँकरवर सरासरी १.०६ टक्के, प्लेयरवर १.२४ टक्के भाग कॅसिनोकडे जातो. तासाला साठ डाव, प्रत्येकी हजार रुपये बँकरवर धरले तर सरासरी ६३६ रुपये. तेच हजार दरवेळी बरोबरीवर लावले, एकाला आठच्या भावाने, तर जाणारी रक्कम ८,६१६ रुपये, कारण तिथे वाटा १४.३६ टक्के आहे. मटक्यात एका आकड्याला रुपयाला नऊ हा रूढ भाव. म्हणजे रुपयामागे दहा पैसे मालकाचे. हजारपट देखणा दिसणारा बरोबरीचा चौकोन मटक्याहूनही महाग आहे, हे पनवेलच्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

पनवेलमध्ये मात्र हे टेबल मिळायचं नाही. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा इथे चालतो. महाराष्ट्राने १९७६मध्ये कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला खरा, पण तो कधी अमलात आला नाही. २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. त्याच १९७६मध्ये गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदा झाला. त्यात १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचे खेळ आणि १९९६च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे, तेव्हा तिथे शिकणारा नवखा बाहेरचाच असतो, आणि पळस्पे फाट्यावरून सुटणारा गोव्याचा महामार्ग त्यातल्या बऱ्याच जणांना तिकडे नेतो.

त्या नवख्याच्या हातात टेबलावर मागच्या डावांची नोंद करायला कागद दिला जातो, समोर पडद्यावर लाल-निळ्या गोळ्यांच्या रांगा असतात. मटक्याचे जुने निकाल मांडलेले जोडीचे चार्ट ज्याने पाहिलेत, त्याला ही रांग ओळखीची वाटते, आणि सलग पाच बँकर दिसले की सहावा कोणता ते आपल्याला कळलं असंही वाटू लागतं. गेलेल्या पानांवरून पुढचा फायदा साधता येतो का, हे एडवर्ड थॉर्प यांनी १९६०च्या दशकात विल्यम वॉल्डन यांच्याबरोबर तपासलं. ब्लॅकजॅकमध्ये पानं मोजून कॅसिनोवर मात करता येते हे थॉर्प यांनीच दाखवलं होतं. बाकाराच्या मुख्य डावांत गेलेली पानं मोजूनही हाती लागण्याजोगं काही उरत नाही, असं त्यांना आढळलं. फट सापडली ती फक्त ‘नैसर्गिक’, म्हणजे पहिल्या दोन पानांतच होणाऱ्या आठ आणि नऊवरच्या जादा पैजांत.

काटछाट अजून थांबलेली नाही. आता काही टेबलांवर ‘कमिशन नाही’ अशी पाटी असते. पाच टक्क्यांचा हिशेब नको म्हणून नवखा तिथे आधी बसतो. तिथे बँकर सहाने जिंकला तर निम्मेच पैसे मिळतात, आणि एवढ्या एका बदलाने कॅसिनोचा वाटा १.०६वरून १.४६ टक्क्यांवर जातो.