परिपथ : खोपोली ते रायपूर

शाळेच्या प्रयोगशाळेतील विजेचा पहिला प्रयोग अगदी साधा असतो. एक घट, एक लहानसा दिवा, तांब्याच्या दोन तारा आणि एक कळ. जुळणी पूर्ण झाली की दिवा लागतो. एकही सांधा सुटला की विझतो. घटाच्या एका टोकातून निघालेल्या धारेला दिव्यातून जाऊन दुसऱ्या टोकाशी पोहोचता आले पाहिजे. या अखंड मार्गालाच परिपथ म्हणतात. भारतातील वीजपुरवठ्याचा इतिहास म्हणजे याच प्रयोगाचा विस्तार होय, आणि त्यातील एक महत्त्वाचा सांधा रायपूर येथे जुळला आहे.

इटलीच्या व्होल्टा यांनी १८०० साली घटमाला तयार करेपर्यंत माणसाला वीज माहीत होती ती क्षणभराची ठिणगी म्हणून. व्होल्टांमुळे ती प्रथमच सतत वाहू लागली. १८२७ मध्ये जर्मनीच्या ओहम यांनी विभवांतर, धारा आणि रोध यांचा संबंध मांडला. १८३१ मध्ये इंग्लंडच्या फॅरेडे यांनी तारेचे वेटोळे आणि चुंबक यांच्या परस्पर हालचालीतून वीज निर्माण करून दाखविली. आता जे काही चक्र फिरवू शकेल, मग ते पाणी असो वा वाफ, ते वीजही देऊ शकणार होते.

महाराष्ट्रात हे सामर्थ्य सह्याद्रीच्या पावसाने दाखवून दिले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांत साठविलेले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरविण्यात आले आणि १९१५ मध्ये तेथील वीज मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. या योजनेचे स्वप्न पाहणारे जमशेदजी टाटा १९०४ सालीच निवर्तले होते.

खोपोलीचा परिपथ मात्र मुंबईपुरता होता. देशात ठिकठिकाणी अशीच वेगवेगळी विजेची बेटे उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ती हळूहळू जोडली जाऊन पाच विभाग झाले. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात व गोवा यांच्यासह मध्य प्रदेश होता आणि त्यातच आजचे छत्तीसगड. येथील कोळसा आणि हसदेव नदीचे पाणी यांच्या बळावर कोरबा हे वीजनिर्मितीचे मोठे केंद्र झाले. राष्ट्रीय औष्णिक वीज निगमच्या तेथील केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २६०० मेगावॅट आहे.

दोन विभाग जोडणे हे दोन तारा जोडण्याइतके सोपे नव्हते. आपल्याकडील प्रत्यावर्ती धारा सेकंदाला ५० आवर्तने करते आणि जोडलेल्या सर्व जनित्रांना हा ठेका अचूक सांभाळावा लागतो. लेझीम पथकात एकाचे पाऊल चुकले तर सारी रांग विस्कटते, तसेच हे आहे. म्हणून प्रारंभी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी धारेचे आधी एकदिश रूपांतर करून पश्चिम व दक्षिण विभागांत देवघेव होत असे. ठेका प्रत्येकाचा वेगळाच राहत होता.

मार्च २००३ मध्ये रायपूर–राउरकेला ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि पश्चिम विभाग पूर्व व ईशान्य विभागांशी एका ठेक्यात आला. राज्यनिर्मितीला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती. महाराष्ट्रातील आणि आसाममधील जनित्रे आता एका लयीत फिरू लागली. २००६ मध्ये उत्तर विभागही या जाळ्यात आला.

एकत्र येण्यात बळ असते, तशी जोखीमही असते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की जनित्रांचा वेग मंदावतो. एखाद्या वाहिनीवर भार वाढला की संरक्षक यंत्रणा तिला तोडते आणि तो भार शेजारच्या वाहिनीवर पडतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर वाहिनी अशीच तुटली आणि उत्तर विभाग काळोखात बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्ही विभाग कोसळले. सुमारे ६० कोटी लोकांना त्याची झळ पोहोचली. अनेक वाहिन्या बंद असल्याने दुबळे झालेले दुवे आणि काही राज्यांनी ठरल्यापेक्षा अधिक ओढलेली वीज ही त्यामागील प्रमुख कारणे होती. पश्चिम विभाग वेगळा होऊन तगला. बंद पडलेली औष्णिक केंद्रे पुन्हा सुरू करण्यास बाहेरची वीज लागते. त्या वेळी पश्चिम विभागानेही ती पुरविली.

या आघाताने जोडण्याचे काम थांबले नाही. नियम अधिक काटेकोर झाले आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर–रायचूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभागही सामील झाला. रायपूरला सुरू झालेले पश्चिमेचे सांधणे सोलापूरला पूर्णत्वास गेले. सारा देश एकाच ठेक्यावर आला.

घरातील बटण दाबताना हा इतिहास कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि तसे होणे स्वाभाविकच आहे. पण अनावश्यक दिवा मालवा, असे शाळा मुलांना सांगते ते केवळ बिलाच्या काळजीने नव्हे. त्या दिव्याचा मार्ग आता दूरवरच्या अनोळखी घरांशी जोडलेला आहे. आपल्या वाट्याचे घ्यावे आणि सांधा पक्का ठेवावा, हा प्रयोगशाळेतील पहिला धडा सहावी-सातवीतील मुलालाही कळतो. २०१२ साली तो साऱ्या देशाला पुन्हा गिरवावा लागला.