पिस्तुलाचं काडतूस, रायफलची नळी आणि शंभर पावलांवरची शिकार

परवा आमच्या वाडीच्या बैठकीत रानडुकरांचा विषय निघाला आणि तापलाच. रात्रीत भाताचं शेत नांगरल्यासारखं झालं तर माणूस चिडणारच. एक जण तावातावाने म्हणाला, "अमेरिकेत बघा! शेतकरी लांब पल्ल्याची रायफल घेतो, दोन खेतं पलीकडनं उडवतो, विषय संपला. आपल्याकडे नुसती परवान्याची कटकट."

तिथे मी काही बोललो नाही. इथे सविस्तर लिहितो, कारण ही समजूत अर्धीच खरी आहे. टेक्साससारख्या राज्यात रानडुकरं तशी मारतात, मान्य. पण अमेरिका म्हणजे टेक्सास नव्हे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय ही ऐन मक्या-सोयाबीनची राज्यं. तिथे हरणाच्या शिकारीला नेहमीची रायफल न्यायला कित्येक दशकं बंदी होती. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१८७३ साली विंचेस्टर कंपनीने एक रायफल काढली. तिचं .४४-४० हे काडतूस आखूड होतं. थोड्याच वर्षांत कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्वर आणलं. म्हणजे कमरेला आणि खांद्याला एकच दारूगोळा. घोड्यावरून हिंडणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय? हरीण, कधी अस्वलसुद्धा, लोक त्यावर मारत. मात्र जवळून. पुढे १८९० च्या दशकात बिनधुराची दारू आली, लांब पुंगळीची वेगवान काडतुसं आली आणि ही जोडी मागे पडली.

तोवर हरणंही संपत आली होती. बेसुमार शिकार आणि जंगलतोड. इंडियानातलं शेवटचं रानटी हरीण १८९३ च्या सुमाराला गेलं, ओहायोतलं १९०४ ला. नंतर बाहेरून आणून सोडली, जपली, तेव्हा कुठे १९५१ मध्ये इंडियानात पुन्हा शिकारीचा हंगाम उघडता आला. पण आता मुलुख बदलला होता. सपाट जमीन, मध्येच घर, मध्येच रस्ता, गोळी अडवायला टेकाड नाही. म्हणून अशा राज्यांनी ठरवलं की छर्ऱ्याच्या बंदुकीतून एकच जाड गोळी, म्हणजे स्लग, मारा. तिचा पल्ला कमी.

दरम्यान पिस्तुलाच्या काडतुसाने दुसरा जन्म घेतला. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम आणलं. (मॅग्नम हा शब्द मुळात मद्याच्या मोठ्या बाटलीचा, बरं का.) कंपनीचे डग्लस वेसन स्वतः त्या रिव्हॉल्वरने मोठी जनावरं मारून आले, जाहिरातच ती. आयडाहोचा एल्मर कीथ मात्र म्हणत राहिला की गोळी जाड आणि जड हवी. त्याच्या वर्षानुवर्षांच्या खटपटीतून १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम निघालं. मग रुगरने १९६१ पासून त्याच काडतुसाची हलकी कार्बाइन विकायला काढली, १९६९ ला मार्लिनची लिव्हरवाली आली.

गंमत इथे आहे. जवळपास ११ मिलिमीटर जाडीची, साडेपंधरा ग्रॅमची तीच गोळी. रिव्हॉल्वरमधून ती सेकंदाला साधारण ४०० मीटर वेगाने निघते, रायफलच्या लांब नळीतून ५०० च्या पुढे. दाट झाडीत शंभर यार्डांच्या आत हरीण, काळं अस्वल, डुक्कर यांना ती पुरते. पण शंभर यार्डांवर नेम बसवून दोनशेवर मारलीत तर गोळी फुटाहून जास्त खाली येते. त्यात आणखी एक भानगड. रिव्हॉल्वरच्या वेगासाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी रायफलच्या वेगाने कातडीखालीच फुलून थांबू शकते. जनावर जखमी होऊन पळतं. म्हणून जाणते शिकारी मोठ्या जनावराला चपट्या तोंडाची, कडक, जड गोळी वापरतात.

आता कायद्याकडे. स्लगचा धक्का खांद्याला जबर बसतो, पोरांना आणि म्हाताऱ्यांना झेपत नाही. इंडियानाने २००७ मध्ये वाट काढली: रायफल चालेल, पण पिस्तुलाच्या मापाच्या काडतुसाची. आणि ते माप कायद्यात लिहिलं! गोळीची जाडी किमान .३५७ इंच, पुंगळीची लांबी १.१६ ते १.६२५ इंच. २०१४ मध्ये ओहायो आणि दक्षिण मिशिगननेही अशाच आखूड, सरळ पुंगळीच्या काडतुसांना दार उघडलं. इलिनॉयने २०२३ मध्ये, तेही एका वेळी एकच बार भरणाऱ्या रायफलला.

माप लिहिलं की पळवाट आलीच. लोक लांब पुंगळ्या कापून मापात बसवू लागले, इंडियानाने पुढे कमाल लांबी १.८ इंचांवर नेली, आणि २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड हे काडतूस अशाच राज्यांवर नजर ठेवून बाजारात आणलं. बरं, आखूड पल्ला म्हणजे सुरक्षित, हेही पूर्ण खरं नाही. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये एक अभ्यास झाला. बंदूक वर रोखली गेली तर रायफलची गोळी जास्त लांब जाते, पण जमिनीलगत मारली तर टप्पा खाऊन स्लग रायफलच्या गोळीच्याही पुढे जाऊ शकतो, असं त्यात निघालं. .४४ ची गोळीसुद्धा नळी वर असेल तर किलोमीटरच्या पुढे पोचते. म्हणून मला त्या इंचांपेक्षा मचाण महत्त्वाचं वाटतं. शिकारी झाडावर चढून बसतो, जनावर जवळ येऊ देतो, खाली मारतो, गोळी मातीत जाते.

आमच्या काकांकडे शेतीसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक होती. एक बार उडाला की पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर नदीपार. त्यामुळे ते माळ्यावर तासन् तास बसत आणि डुकराच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढत नसत. एकदा समोर डुक्कर असूनही रिकामे परत आले. काकूने विचारलं तर म्हणाले, "पाठीमागे वाट होती गे."

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. काल मी काकांच्या त्या माळ्याच्या जागेपासून शेजाऱ्यांच्या पडवीपर्यंत पावलं मोजली. एकशे चाळीस भरली. मध्ये दोन माड आणि एक गडगा आहे, तोही ढासळलेला. कागदावर लिहून ठेवलंय, रविवारी नेणार आहे.