प्रो. बाळाजी प्रभाकर मोडक : रसायन व इतिहास

कै. प्रो. बाळाजी प्रभाकर मोडक (सन १८४७–१९०६) यांचें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. कोल्हापूर व कर्नाटक प्रांतांतील राज्यें व संस्थानें यांचा त्यांनीं लिहिलेला इतिहास आमच्या अनेक वाचकांनीं पाहिला असेल. परंतु हे ग्रंथकार कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत शास्त्रविषयांचे अध्यापक होते, ही गोष्ट मागें पडत चालली आहे. ज्या काळीं उच्च शिक्षण इंग्रजींतून चाले, त्या काळीं त्यांनीं रसायनादि शास्त्रांवर मराठींत ग्रंथ रचिले.

हीं दोन कामें परस्परांपासून दूर आहेत असें वरवर वाटेल. आमचें मत तसें नाहीं. निरिंद्रिय रसायनाचे पदार्थ हस्तलिखितांच्या पानोपानीं आढळतात. तांबडी शाई हिंगुळाची, म्हणजे पारा व गंधक यांच्या संयुगाची. चुकलेलें अक्षर झांकावयाचें तें हरताळानें. त्यांत आर्सेनिक व गंधक असतात. ‘हरताळ फांसणें’ हा वाक्प्रचार त्यांतलाच. हरताळ विषारी असल्यामुळें अशीं पानें उलटतांना बोट जिभेस लावूं नये. हिराकस व हिरडा यांच्या शाईनें कागद कालांतरानें जळतो, तो तींतील आम्ल व लोह यांमुळें. काजळाच्या शाईस हा दोष नाहीं.

दुसरें उदाहरण चाकणचें. आज जेथें मोटारींचे कारखाने उभे आहेत, तेथील संग्रामदुर्गास सन १६६० मध्यें शाइस्तेखानानें वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यानें किल्ला सुमारें ५५ दिवस लढविला. अखेर सुरुंगानें बुरूज उडाला. भुयारांत कोंडलेली दारू बाहेरच्या हवेवांचून कशी पेटते, हें केवळ बखरी वाचून कळत नाहीं. सोरा तापला म्हणजे प्राणवायु सोडतो व त्याच्या बळावर गंधक आणि कोळसा जळतात. हें ध्यानांत घेतलें म्हणजे किल्ल्यांच्या जमाखर्चांतील सोऱ्याच्या रकमांचें महत्त्व कळतें.

बखर किंवा कैफियत हातीं आली तर आमचे संग्राहक ती जिवापाड जपतात. जुन्या मराठी रसायनाच्या पुस्तकास मात्र रद्दीची वाट दाखविली जाते. वास्तविक मराठीनें नवें शास्त्र कोणत्या शब्दांनीं आत्मसात केलें, याचें तें पुस्तक हेंच अस्सल दप्तर होय. तें नष्ट झाल्यास तो पुरावा दुसरीकडून मिळणें नाहीं. तरी मोडकांचे शास्त्रीय ग्रंथ, तसेंच जुन्या अध्यापकांचीं टिपणें व प्रयोगवह्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांची यादी करून तीं बखरींच्या शेजारीं ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.