दट्ट्या, जाळी आणि केसभर फट: फ्रेंच प्रेसची कुळकथा

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचा बाजार कपड्यांच्या ढिगांसाठी देशभर माहीत आहे. निर्यातीतून मागे राहिलेला माल इथे स्वस्तात मिळतो. त्याला खोकं नसतं, हमीपत्र नसतं. पारखून घ्यायचं ते गिऱ्हाइकानेच. कपड्यांच्या रांगा ओलांडून बाबू मार्केटच्या बाजूला वळलं, की घरगुती सामानाची दुकानं लागतात. अशा बाजारात कॉफीचा एखादा फ्रेंच प्रेस हाती आला, तर तो चांगला की टाकाऊ, हे ओळखायचं कसं? बहुतेकांची नजर आधी काचेवर आणि चकचकीत साजावर जाते. या भांड्याचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मात्र बोट ठेवतो ते जाळीच्या कडेवर. दट्ट्याची जाळी भांड्याच्या भिंतीला जिथे टेकते, तिथली केसभर फट कशी बुजवायची, या एका प्रश्नाभोवती हे भांडं घडत गेलं.

भांड्याचं काम तसं साधं आहे. तळाशी भरड दळलेली कॉफी घालायची, वर नुकतीच उकळी बसलेलं पाणी ओतायचं, चार मिनिटं मुरू द्यायचं आणि मग जाळी लावलेला दट्ट्या हलक्या हाताने खाली दाबायचा. चोथा तळाशी दाबून राहतो, कॉफी वरून ओतून घेता येते. आपल्या घरांतून पातेल्यात कॉफी उकळून, जायफळ-वेलदोडा घालून ती फडक्यातून गाळत असत. तीही मुरवलेलीच कॉफी. फ्रेंच प्रेसमध्ये ते फडकं भांड्याच्या आत उतरलं आणि त्याला दांडी बसली.

सुरुवातीला ते अक्षरशः फडकंच होतं. मार्च १८५२मध्ये पॅरिसच्या मेयर आणि देल्फोर्ज या दोघांनी एका कॉफीपात्राचं पेटंट घेतलं. मेयर धातुकाम करणारे, देल्फोर्ज व्यापारी. त्यांच्या पात्रात एका दांडीला भोकं पाडलेली पत्र्याची चकती होती आणि चकतीच्या दोन्ही अंगांना फ्लॅनेलचं कापड होतं. कापड मऊ असल्याने भिंतीला लागून बसे. पण कापडात कॉफीचं तेल मुरतं, धुतलं तरी वास राहतो, आणि दोन्ही बाजूंनी लावलेलं कापड रोज सोडवून सुकवणं हे काम कुणालाच नको असतं. कल्पना खरी होती, फक्त ती अंमलात आणणारी वस्तू अजून तयार व्हायची होती. फट बुजवायची पण कापडाविना, हा पेच सुटायला पुढची पाऊणशे वर्षं लागली.

तो सोडवला इटालियनांनी. १९२९ साली मिलानच्या अत्तिलिओ कालिमानी आणि जुलिओ मोनेता यांनी दट्ट्याच्या कॉफीपात्राचं पेटंट घेतलं. आज आपण ज्याला फ्रेंच प्रेस म्हणतो, त्याचा सांगाडा या पेटंटात ओळखू येतो. १९३५मध्ये ब्रुनो कासोल यांनी त्यात आणखी सुधारणा केली. या सहा-सात वर्षांत कडेचा प्रश्न ज्या युक्तीने सुटला, ती म्हणजे चकतीभोवती गुंडाळलेली बारीक स्प्रिंग. जाळीची कड वर वळवायची आणि तिला आतून स्प्रिंगचा रेटा द्यायचा. भांड्याची भिंत कुठे जरा फुगीर, कुठे जरा आत दबलेली असली, तर स्प्रिंग तिथे ताणते किंवा दबते आणि जाळी भिंतीला सोडत नाही. आज बहुतेक प्रेस उघडले की ही स्प्रिंग दिसते.

मग फ्रान्सचं नाव का चिकटलं? एक म्हणजे पहिलं पेटंट तिथलं. दुसरं म्हणजे भांडं घरोघरी पोचलं तेही फ्रान्समधूनच. फालिएरो बोंदानिनी या स्विस माणसाने १९५८ साली स्वतःच्या आराखड्याचं पेटंट घेतलं आणि त्याचं उत्पादन सुरू झालं फ्रान्समधल्या मार्तां नावाच्या कारखान्यात. हा कारखाना क्लॅरिनेट बनवत असे. फ्रान्समध्ये हे भांडं ‘शांबोर’ या नावाने गाजलं. ब्रिटनमध्ये ते ‘ला काफेतिएर’ म्हणून विकलं गेलं. १९६५च्या ‘द इप्क्रेस फाइल’ या चित्रपटात मायकेल केनचा गुप्तहेर सकाळी उठून याच भांड्यात कॉफी करतो, म्हणजे तोवर ते लंडनपर्यंत पोचलं होतं.

जगभरच्या दुकानांत ते नेलं बोडुम या डॅनिश कंपनीने. पीटर बोडुम यांनी १९४४ साली कोपनहेगनमध्ये ती सुरू केली. १९७४मध्ये कार्स्टन योर्गेन्सन यांनी रेखाटलेला ‘बिस्ट्रो’ हा त्यांचा पहिला प्रेस बाजारात आला. १९९१ साली बोडुमने मार्तां कंपनीच विकत घेतली आणि ‘शांबोर’ त्यांच्याकडे आला. चार धातूच्या पट्ट्या, गोल बोंडाचं झाकण, काचेचं उभं पात्र, हे रूप नेमकं कुणाचं, यावरून नंतर खटले झाले. २०१०मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने १९९१च्याच कराराचा आधार घेऊन ‘ला काफेतिएर’ विकणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला. गिऱ्हाइकाने यातून लक्षात घ्यायचं ते असं, की एकाच तोंडवळ्याचे प्रेस अनेक कारखाने बनवत आले आहेत. रूप जुळलं म्हणून माप जुळेलच असं नाही, आणि सुटे भाग घेताना पैसे वाया जातात ते नेमके इथे.

काचेलाही स्वतःची कुळकथा आहे. साध्या काचेत उकळतं पाणी ओतलं तर आतली बाजू झटकन पसरते, बाहेरची थंडच राहते आणि काच तडकते. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचेत बोरॉन मिसळून बोरोसिलिकेट काच बनवली. ती तापल्यावर साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांशच पसरते. १९१५पासून अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने हीच काच ‘पायरेक्स’ नावाने स्वयंपाकघरात आणली. १९६२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या बोरोसिलचं सहकार्य याच कॉर्निंगशी होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रावर ज्यांनी ते नाव वाचलंय, त्यांना ही काच नवी नाही.

दिल्लीत ही काच आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. जानेवारीत इथला रात्रीचा पारा चार-पाच अंशांवर येतो. सकाळी मांडणीवरचं पात्र गारठलेलं असतं. बोरोसिलिकेट असली तरी आधी कोमट पाण्याने विसळून घ्यावी. काचही वाचते आणि कॉफीही लगेच निवत नाही. घरात ओटा दगडी आणि हात घाईचे असतील, तर दुहेरी भिंतीचा स्टीलचा प्रेस सरळ घ्यावा. त्यात कॉफी दिसत नाही, पण तो फुटत नाही.

सरोजिनी नगरला कॉफी परकी नव्हती. पूर्वी विनय नगर म्हणून ओळखली जाणारी ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. देशाच्या सगळ्या भागांतले लोक इथल्या क्वार्टर्समध्ये राहिले. इथलं श्री विनायक मंदिर दक्षिणी कुटुंबांची आठवण आजही जागी ठेवून आहे. त्यांच्या घरी पितळी फिल्टर होता, आणि जवळच्या आयएनए मार्केटमध्ये दक्षिणी किराणा मिळतो. शहरात कॉफीची चव लावली ती कॉफी हाऊसने. पहिलं इंडिया कॉफी हाऊस मुंबईत चर्चगेटला १९३६ साली निघालं. कॉफी बोर्डाने ही कॉफी हाऊसं बंद करायला घेतल्यावर कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७मध्ये दिल्लीतही आपलं कॉफी हाऊस चालू केलं. नव्या काळात दिल्लीतच २०१३च्या सुमारास सुरू झालेल्या ब्लू टोकाईसारख्या कंपन्यांनी मळ्याचं नाव लिहिलेली, ताजी भाजलेली कॉफी घरपोच द्यायला सुरुवात केली. दळण कोणत्या भांड्यासाठी हवं, हे त्या विचारतात, आणि त्या यादीत फ्रेंच प्रेस असतो.

हा प्रश्न विचारला जातो याला कारण आहे. दक्षिणी फिल्टरमध्ये बारीक पूड दाबून बसवतात आणि पाणी तिच्यातून थेंबथेंब उतरतं. पुडीचा थर स्वतःच गाळणीचं काम करतो. प्रेसमध्ये पूड पाण्यात मोकळी तरंगते आणि सगळा भार एकट्या जाळीवर येतो. फिल्टरसाठी दळलेली पूड प्रेसमध्ये टाकली, तर अर्धी जाळीतून वर येते, उरलेली जाळीत रुतते आणि दट्ट्या जड होतो. मग माणूस जोर लावतो, जाळी वाकडी होते किंवा गरम पाणी उसळून हातावर येतं. शिवाय बाजारातल्या अनेक पुड्यांत चिकोरी असते. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असली पाहिजे असा आपल्याकडे नियम आहे, म्हणजे उरलेली चिकोरी असू शकते. पुड्यावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचावं. प्रेससाठी बिनचिकोरीची, जाड रव्याहून भरड दळलेली कॉफी घ्यावी. एक लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांनी मात्र जपून प्यावी. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल कागदी गाळणीत अडकतं, धातूच्या जाळीतून ते कपात उतरतं आणि एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतं.

आता खरेदी. आकाराच्या आकड्याला भुलू नये. खोक्यावर ‘आठ कप’ असं लिहिलेलं पात्र एक लिटरचं असतं, कारण तिथे कप म्हणजे सुमारे १२० मिली. आपल्या मोठ्या मगाने मोजलं तर ती चारच माणसांची कॉफी. ‘तीन कप’ म्हणजे ३५० मिली, एका माणसापुरतं. पाणी जास्त आणि पूड कमी राहिली की कॉफी पांचट होते, तेव्हा रोज जितकी लागते तेवढाच आकार घ्यावा.

मग दट्ट्या बाहेर काढावा आणि तळाची चकती फिरवून सगळं सुटं करावं. वर स्प्रिंगची तबकडी, मधे जाळी, खाली फुलीच्या आकाराची चकती, हा क्रम. हे तीन भाग हाताने सुटत नसतील, जाळी डाक देऊन कायमची बसवलेली असेल, तर तो प्रेस घेऊ नये. एक भाग गेला की सगळं टाकावं लागेल. जाळीच्या कडेवरून बोट फिरवावं. कड सगळीकडे सारखी वळलेली हवी, एकही तार सुटलेली नको. स्प्रिंग दाबून सोडल्यावर मूळच्या आकारात यायला हवी. पुन्हा जोडून दट्ट्या रिकाम्या पात्रात घालावा आणि पात्र उजेडासमोर धरावं. कडेला उजेडाची चंद्रकोर दिसली, तर तिथून चोथा येणार हे नक्की. शेवटी हळूच खाली दाबावं. वरपासून तळापर्यंत सारखा, मऊ अडथळा लागायला हवा. अधेमधे सैल किंवा घट्ट लागलं, तर काच गोल नाही किंवा दांडी तिरकी आहे.

सुटे भाग मागवताना कपांचा आकडा सांगून भागत नाही. पात्राचा आतला व्यास पट्टीने मोजावा. एक लिटरच्या पात्रात तो सुमारे ४ इंच भरतो, ३५० मिलीच्या पात्रात पावणेतीन इंचांच्या आसपास. त्यासोबत पात्राची उंची आणि दांडीच्या आट्यांची जाडी. काच बदलायची असेल, तर चोच आणि फ्रेमचा घेर जुळतो का, हेही बघावं. जाळी सर्वांत आधी झिजते, तेव्हा प्रेस घेतानाच एक जादा जाळी घेऊन ठेवणं शहाणपणाचं. रोज दट्ट्या उघडून धुवावा, तेल साचू देऊ नये. दिल्लीच्या बोअरच्या जड पाण्याने जाळीवर पांढरा थर धरतो; कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवली की तो सुटतो.

मेयर-देल्फोर्जपासून बोंदानिनीपर्यंत प्रत्येकाने या भांड्याचा एकेक भाग सुधारला, म्हणूनच ते आजही भागाभागांनी दुरुस्त होऊ शकतं. ज्या प्रेसची जाळी आणि काच पुढच्या वर्षीही वेगळी मिळेल, तोच चांगला प्रेस. दुकानदाराला किंमत विचारण्याआधी हे विचारा, आणि उत्तर नाही आलं तर दुसरं दुकान गाठा.