देवाचा दरबार
देवाचा दरबार : कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात सुरू केलेला ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून सारखीच जागा होती. ख्रिस्ती कोणाला म्हणावे, हा प्रश्न मराठी मुलखात इतक्या उघडपणे त्याआधी क्वचितच मांडला गेला असेल.

टिळक चित्पावन ब्राह्मण, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नातीगोती तुटली. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दुरावल्या. ती हकीकत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मुळातूनच वाचावी. पुढे अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामात असताना टिळकांना एक गोष्ट सलू लागली. माणूस ख्रिस्ती झाला की मिशनच्या आवारात राहतो, मिशनच्या पगारावर जगतो, परक्या चालींवर गीते म्हणतो आणि हळूहळू गावाला तो साहेबाचा माणूस वाटू लागतो. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या या कवीने मग अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले. त्यांची गीते मराठी मंडळ्यांत रविवारी आजही म्हटली जातात. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास पत्करला. संसार मात्र टाकला नाही.

दरबाराला दोन वर्षेही धड मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. त्यांच्यामागे दरबार टिकला नाही. त्यांचे चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यात भारतीय वळणाच्या ख्रिस्ती जीवनाचा प्रयोग पुढे चालला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघात.

दरबाराची कल्पना उदार होती, पण ती बरीचशी उच्चवर्णीय जिज्ञासूच्या अडचणीतून निघालेली होती, हेही नोंदवले पाहिजे. बाप्तिस्म्याने घर तुटते, ही अडचण त्याची. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज मुख्यतः पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजांतला. तिथे अनेकदा वस्तीच्या वस्ती मिळून बाप्तिस्मा घेई, आणि जातीच्या नावातून सुटण्याची ती एक वाट होती. स्वातंत्र्यानंतर त्या वाटेलाही किंमत लागली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती माणसाला त्या जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्यामुळे ख्रिस्तावर श्रद्धा आहे, पण जातीच्या दाखल्यावर धर्म हिंदू, अशी माणसे आज आढळतात. बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याचा प्रश्न असा सरकारी कचेरीपर्यंत पोचला आहे. या आदेशात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत.