पैसा फंडाचा काच कारखाना: भट्टीपुढची शाळा

१/ पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना तळेगाव दाभाडे लागते. १९०८ साली येथे लोकवर्गणीतून काच कारखाना सुरू झाला. स्वदेशीच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो तो बहुधा वर्गणीमुळे. आज त्याने दिलेल्या शिक्षणाविषयी.

२/ अंताजी दामोदर काळे यांची योजना अशी, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा व त्या निधीतून देशी उद्योग उभारावेत. लोकमान्य टिळकांनी तिचा पुरस्कार केला. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे एक रुपया जमवायला ६४ माणसांच्या दारी जावे लागे.

३/ पण काचेच्या धंद्यात केवळ भांडवल पुरत नसे. हिंदुस्थानात याआधीही काच कारखाने निघाले आणि बंद पडले. कारणे अनेक होती. त्यांतले एक मोठे कारण म्हणजे कुशल कारागिरांचा अभाव. परदेशी तज्ज्ञ महाग पडत, आणि ते परतले की त्यांचे कसबही त्यांच्याबरोबर जाई.

४/ हे कसब कोणते? पोकळ लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेला रस घ्यायचा, नळी फिरवत व फुंकत त्याला आकार द्यायचा. रस फार तापलेला असला तर ओघळतो, निवला तर आकार घेत नाही. तयार वस्तू सावकाश निववली नाही तर तडकते. रसाचा रंग पाहून वेळ ओळखणारी नजर भट्टीपुढेच तयार होते.

५/ म्हणून तळेगावला कारखाना हीच शाळा झाली. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे धुरा सांभाळली. विद्यार्थी प्रत्यक्ष उत्पादनातच शिकत.

६/ शिकलेला कारागीर सोडून गेला, तर एरवी मालकाचे नुकसान. येथे मात्र त्याने अन्यत्र जाऊन काच करावी, हाच हेतू होता. तळेगावात तयार झालेली माणसे निरनिराळ्या प्रांतांतील कारखान्यांत पोहोचली.

७/ १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रियाचा काचमाल येणे थांबले. देशी मालाला मागणी वाढली. माणूस घडवायला वर्षे लागतात. ती तळेगावाने आधीच खर्ची घातली होती.

८/ उद्योगाचा इतिहास वाचताना आपण भांडवल कोणी दिले हे विचारतो. काम कोणी शिकवले, हेही विचारायला हवे. एक एक पैसा देणाऱ्यांच्या पदरात काचेच्या चिमणीहून मोलाचे काही पडले असेल, तर ते हे शिकलेले हात.