दिनविशेष : २८ जून, डॉ. कमला सोहोनी स्मृतिदिन

जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे २८ जून १९९८ रोजी निधन झाले. त्या लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. मुंबई विद्यापीठाच्या पदवीनंतर १९३३ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अपमानास्पद अटींवर प्रवेश मिळाला. हा अन्यायच होता.

पुढे केंब्रिजला डॉ. डेरेक रिक्टर यांनी दिवसा काम करायला आपले टेबल दिले. कमलाबाईंनी अभ्यासासाठी वनस्पती निवडल्या. बटाट्यावर काम करताना पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन वनस्पतींतही असल्याचे त्यांनी दाखवले. जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानशाखेत हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक.

मायदेशी परतल्यावर कडधान्ये, भाताचे पीठ आणि नीरा यांचे पोषणमूल्य त्यांनी तपासले. कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवतींना नीरेचा उपयोग होतो, हे दाखवणाऱ्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.